हुकूम तू द्यायचास, मरायचो मी

दिनूदा,

तुझा आवाज अजून माझ्या घशात अडकलाय. मस्करी नाही करत. परवा स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "मंदिराच्या रस्त्याला सोड," तर ते तुझ्यासारखं निघालं. जड, पोटातून. हा रिक्षावाला मला रोज "ए हिरो, सरक जरा" करतो. त्याने हातातली बिडी टाकली आणि बोलला, "बसा साहेब." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी साहेब म्हटलं आणि मी घाबरून चालत घरी गेलो.

हसतोयस ना? हस. तुला काय, तू सुटलास.

तेराव्याला तुझ्या कळव्याच्या घरी सगळे जमलेले. तू ज्यांच्या मॅचची कॉमेंट्री करायचास ते कबड्डीवाले, आपले स्टुडिओवाले, खाडीवरची तुमची मंडळी. जेवणं झाली आणि तुझा तो मेहुणा, ज्याला कुठेही गेलं की कार्यक्रम लागतो, तो बोलला, "पक्या, दिनूचा आवाज काढ ना एकदा. सगळ्यांना बरं वाटेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुरबाडच्या शाळेत हेडमास्तरांसमोर हेडमास्तरांचीच नक्कल करणारा मी. तुझ्या घरी तोंडाने कुकरची शिट्टी काढून वहिनीला किचनमध्ये पळवणारा मी. मी खाली बघून बोललो, "घसा बसलाय."

घसा ठणठणीत होता. मला भीती होती ती आवाज न जमण्याची नाही. जमेल याची.

का ते तुला माहीत नाही, कारण ते सगळं तू गेल्यावर झालं. सांगतो. पण पहिल्यापासून सांगतो, आणि आज तरी मध्येच तोडू नकोस.

आपल्या त्या पिक्चरचा पहिला भाग आठव. परदेशी पिक्चर, दुसऱ्या ग्रहावरचं, आपण मराठीत आवाज दिलेले. ठाण्याचा तो स्टुडिओ म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरचा फ्लॅट. बेडरूममध्ये माइक, हॉलमध्ये रेकॉर्डिंग घेणाऱ्या मॅडम आणि कॉम्प्युटर, किचनमध्ये चहा. तू कमांडर ओरेक, खाणीत राहणाऱ्या गरिबांचा पुढारी. नाव ऐकून तू विचारलेलंस, "जुलाब झाले की देतात ते ओआरएस काय रे?" वरच्या शहरातले लोक खाणीवर लोखंडी घारी सोडायचे. उडणारी मशीनं. आत माणूस नाही. वरून बघणार, शोधणार, मारणार. आणि मी? मी गर्दी. पाच-सहा जण एका माइकभोवती उभे राहून आख्ख्या गावाचा गोंगाट करायचो. "ओरेक! ओरेक!" करून आमचे घसे फाटले. शेवटी तू घारींचा मनोरा पाडलास आणि बोललास, "आता आभाळ आपलं!" आमच्या टिटवाळ्याची पोरं पतंग काटला की अजून तेच ओरडतात.

मग दुसऱ्या भागाची कॉपी आली. आपल्याला नेहमी येते तशी, काळपट, हिरोच्या थोबाडावर मोठं वॉटरमार्क. मी वडे घेऊन बसलेलो, मजेत. आता खाणीतले लोक वरच्या शहरात राहतात. घारी पण आता त्यांच्याच. आणि खाली दलदलीत दुसरेच कोणी लोक, चिखलात काठ्या रोवून बांधलेली घरं, मधून पाणी, कडेला झाडं. त्यांच्यातले काहीजण शहरावर हल्ला करतात, माणसं मरतात. मग ओरेक खिडकीपाशी उभा राहतो, कॅमेऱ्याकडे पाठ, आणि हुकूम देतो. "घारी सोडा."

तेवढंच. दोन शब्द. आणि मग दहा मिनिटं फक्त ते चिखलातलं गाव.

तू वडा हातात धरून तसाच बसलेलास. मी बोललो, "काय झालं? तिखट आहे?" तू बोललास, "पक्या, हे तर आमच्या खाडीसारखं आहे रे."

बाहेर टपरीवर आपलं सुरू झालं. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून तर लिहितोय. मी बोललो, "दिनूदा, 'सोडा' असा फोड की थेटर फाटलं पाहिजे." तू बोललास, "थेटर नाय, घरं फाटतायत तिथे." मी बोललो, "अरे पण तो हिरो आहे! पब्लिक शिट्ट्या मारायला येणार." तू बोललास, "तेच तर. शिट्ट्या वाजतील."

तुझं म्हणणं होतं, ओरेकने हळू बोलायचं. चहा सांगतात तसं. आणि मी तुझी नक्कल करून दाखवली, "एक कटिंग आणि घारी सोडा," तर टपरीवाला पण हसला. तू हसलास, पण अर्ध्यावर थांबलास.

तेव्हा तुला ते व्हिडिओ बघायची सवय लागलेली. कुठल्या कुठल्या देशातले, वरून काढलेले. करडं चित्र, मध्ये चौकोन, चौकोनात एक माणूस पळतोय, मग धूर. आणि खाली कोणीतरी ढिनचॅक गाणं लावलेलं. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून तू विचारलंस, "ह्याच्यात आणि आपल्या पिक्चरमध्ये काय फरक आहे, सांग."

"आपल्यावर वॉटरमार्क आहे," मी बोललो.

या जोकवर तू माझ्याकडे असं बघितलंस की मी चहाचे पैसे देऊन टाकले.

"पहिल्या भागात ज्यांच्यावर पडत होतं ना," तू बोललास, "तेच आता टाकतायत. आणि ओरेककडे कारण आहे. त्या हल्ल्यात त्याची पोरगी मेलीय. कारण खरं आहे, पक्या. खोटं असतं तर मी घाबरलोच नसतो. ह्या व्हिडिओवाल्यांना विचार, त्यांच्याकडे पण असेल. ह्यांच्याकडे, त्यांच्याकडे, सगळ्यांकडे खरंच."

मी बोललो, "तू डबिंग आर्टिस्ट आहेस की बातम्या देतोस?" आणि बातम्यावाल्याची नक्कल केली. ती मला चांगली जमते. तेव्हा सगळीकडे बातम्याच चालायच्या. आपल्याकडे पण युद्धाचं वातावरण तापलेलं. सायरनची प्रॅक्टिस झालेली, लाईट बंद ठेवायच्या सूचना आलेल्या, आमच्या फॅमिली ग्रुपवर माझी आत्या, जी झुरळ बघून पलंगावर चढते, ती "एकदाच काय ते उडवून टाका" लिहीत होती. खाली पाच जणांचे नमस्कार.

मग तो गर्दीचा दिवस. दलदलीतल्या लोकांचं मरण रेकॉर्ड करायचं होतं. मी म्हातारा, मी बाई, मी लहान पोर, मी कुत्रा. सकाळपासून किती वेळा मेलो देव जाणे. तेव्हा मी बोललेलो, "हे बरं आहे दिनूदा, हुकूम तू देणार आणि मरणार मी." त्यात गर्दीतला एकजण तापाने आला नाही. तुझं काम दुपारनंतर होतं, पण तू चप्पल काढून आत आलास. "मला घे गर्दीत."

"हिरो लोक गर्दीत नसतात," मी बोललो.

"सरक," तू बोललास.

एसी बंद पडलेला. आत भट्टी झालेली. मॅडमने दोन्ही दारं उघडून पाण्याचा जार अडकवून ठेवला. म्हणाल्या, "पाच मिनिटं चालेल, गर्दीचंच तर आहे." आणि आपण सुरू झालो. मी माझी ठरलेली किंकाळी मारली, बाकीच्यांनी "वाचवा, वाचवा." आणि तू, माझ्या कानाजवळ, कुठूनतरी आतून, तुमच्या खाडीच्या बोलीत ओरडलास,

"पोरांना घरान घे गोऽऽ!"

मी मरायचं विसरलो.

आणि मग जिन्यात धावपळ ऐकू आली. आपल्याला वाटलं कोणीतरी शिव्या द्यायला येतंय. बाहेर बघतो तर आख्खी सोसायटी खाली! एक काकू पिठाच्या हाताने नातवाला कडेवर घेऊन. एक आजोबा, एका पायात चप्पल, काखेत औषधांची पिशवी. चेअरमन तर हेल्मेट घालून आलेले. लोक आकाशाकडे बघत होते, दिनूदा. दुपारी भर उन्हात, कपाळावर हात धरून. कोणी बोलतंय बिल्डिंगच्या मागे पडलं, कोणी बोलतंय खाडीपलीकडे. एक बाई नुसती पोराचं नाव घेत होती, पोर तिच्या हातात होतं तरी.

मला हसू फुटलेलं. मी सांगणारच होतो, "अहो काका, पिक्चर आहे!" पण चेंगराचेंगरी व्हायला लागली, गेट एवढंसं, सगळे तिकडेच. तेवढ्यात तू पायरीवर उभा राहिलास. ओरडला नाहीस. ओरेकच्या आवाजात, हळू, फक्त एवढंच बोललास, "खाली बसा. कोणी हलायचं नाही."

सगळे बसले.

हेल्मेटवाले चेअरमन पण बसले. पिठाच्या हाताची काकू नातवाला मांडीत घेऊन फरशीवर बसली. कुणीही विचारलं नाही की हा माणूस कोण. बनियनमध्ये होतास तू!

मग मॅडमने हात जोडून सगळं समजावलं. लोक चिडले, हसले, शिव्या देत वर गेले. चेअरमन जाताना हेल्मेट काढून बोलले, "बाकीचं ओरडणं नाटकी वाटत होतं हो. पण ते कोणीतरी पोरांना घे म्हणालं ना, ते ऐकलं आणि मी हेल्मेट शोधायला लागलो." नाटकी म्हणजे मी. थँक्यू काका.

मी तुला टाळी द्यायला हात पुढे केला. "दिनूदा, काय पॉवर आहे भाई तुझी!" तुझं लक्षच नव्हतं. तू बोललास, "पक्या, मी गेटकडे पळा बोललो असतो तर? विहिरीत उड्या मारा बोललो असतो तर?" मी बोललो, "सोसायटीत विहीर नाही." तू बोललास, "ओरडायला पण लागलं नाय रे मला."

त्या दिवशी तुझं काम झालंच नाही. तू बोललास, घसा बसलाय. म्हणजे ते वाक्य मी तुझ्याकडूनच शिकलो. मॅडम तेवढ्यात कॉम्प्युटरवर तुझी ती हाक ऐकत होत्या. "दिनेश, हे काढावं लागेल. दलदलीतले लोक खाडीची बोली कशी बोलतील? दुसरा ग्रह आहे."

"दुसऱ्या ग्रहावर काय पुण्याचं मराठी बोलतात का मॅडम?" तू विचारलंस. ते तुझं स्टुडिओतलं शेवटचं वाक्य. रागात बोललास की गमतीत, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग तू गेलास. सकाळी, चहा पिता पिता. कोणाला काही बोलायला पण दिलं नाहीस. मी तुला परत फोन करणार होतो. एक नवीन मुद्दा सुचलेला, त्यावर तू अडकला असतास. आता तो मुद्दा पण आठवत नाही.

आठवड्याभराने मॅडमचा फोन. पिक्चर लागायला आलेलं, ओरेकचा शेवटचा, हुकमाचा सीन राहिलेला. "प्रकाश, तू कर. तुझ्यात आणि त्याच्यात कोणाला फरक कळणार नाही."

मी बोललो, "मॅडम, नाही जमणार."

"तुला जमतं, मला माहितीये. आणि हे बघ, तू नाही केलंस तर कंपनीवाले मशीनवर करून घेतील. त्याच्या पहिल्या भागातल्या आवाजावरून. मशीनला दोन शब्द बोलायला काय वेळ लागतो?"

फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला. म्हटलं, बघूया. "घारी सोडा." आरशात बघून. हळू, तुझ्यासारखं. पहिल्याच फटक्यात आलं, दिनूदा. बाहेर बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, "कोण आलंय रे?" मी बोललो, "कोणी नाही." आणि मला आवडलं. हे फक्त तुलाच सांगतो. क्षणभर मला भारी वाटलं. नाटकी किंकाळीवाला पक्या गायब. कुकरची शिट्टी गायब. एक माणूस, ज्याचं सगळे ऐकतात. मी नळ बंद केला आणि कमोडवर बसून राहिलो. माझ्यात एवढं सहज येत असेल, तर कोणातही येत असेल. माझ्या आत्यामध्ये पण.

मशीन तर काय, घाबरून बाथरूममध्ये पण बसणार नाही.

तेरावं झालं आणि मी वहिनीकडे गेलो. ती मागच्या ओट्यावर कोलीमची सुकट निवडत बसलेली. मी सगळं सांगितलं. मशीनचं पण. तिने मान वर केली नाही. बोलली, "म्हणून दाखव."

"वहिनी, नको ना."

"म्हण."

मी म्हटलं. तिचे हात थांबले. मग बोलली, "हा त्याचा आवाज नाय. पिक्चरचा आहे. घरात तो असा कधी बोलला नाय." आणि मग तिने ते सांगितलं. तू घरी प्रॅक्टिस करायचास. खिडकीकडे तोंड करून, खाडीकडे बघत. "घारी" पर्यंत यायचास. पुढचा शब्द आला की वळून विचारायचास, "काय गो, आज बांगडा की मांदेली?" दर वेळी. वहिनी हसत होती आणि डोळे पुसत होती, कोलीमच्या हातानेच, मग डोळे अजूनच झोंबले.

"एकदा पण नाय बोलला," ती बोलली. "मी चिडवायची, शब्द बोलायचे पैसे देतात ना तुला?"

मला वाटलं झालं, वहिनी नाहीच म्हणणार. मी सुटलो. मी बोललो, "मग मी मॅडमना नाही सांगतो."

"आणि मशीन करेल?"

"करेल."

"मशीनला नको देऊस," ती बोलली. "तू म्हण. तू निदान घाबरशील."

काल गेलो मी ठाण्याला. एसी दुरुस्त झालाय, दारं बंद होती. स्टँडवर तुझा तो मळका नॅपकिन अजून लटकतोय, कोणी हलवला नाही. मी माइकसमोर उभा राहिलो आणि बोललो, "मॅडम, एक अट आहे."

"बोल."

"हुकूम मी देतो. दिनूदाची ती हाक काढायची नाही."

"प्रकाश, ते दुसऱ्या ग्रहा..."

"मॅडम. ह्या सीनमध्ये त्याचा आवाज असणार तर त्या हाकेत असणार. हुकुमात मी आहे. तो नाही."

काच होती मध्ये, त्यामुळे त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. मग हेडफोनमध्ये आवाज आला. "ठेवते. हळू ठेवेन, पण ठेवते."

ओरेकची पाठ आली स्क्रीनवर. खिडकी. मी हळू बोललो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. भांडण तू जिंकलास, घे. पण जमलं नाही रे नीट. 'सोडा' म्हणताना आवाज किंचित फाटला. एवढासा. मी बोललो, "मॅडम, परत घेऊ." त्या बोलल्या, "नको."

मग त्यांनी आख्खा सीन लावला. माझा हुकूम. मग शांतता. मग घारींचा घुं घुं आवाज, तो काही आपण केलेला नाही. मग मी मरायला लागलो. म्हातारा मी, बाई मी, पोर मी, कुत्रा मी. आपल्याच हुकमाने आपण मरताना ऐकायचं म्हणजे काय, ते तुला सांगू शकत नाही. हेडफोन काढावासा वाटत होता आणि हात उचलत नव्हता. आणि मग, खूप लांबून, चिखलाच्या पलीकडून, तू.

"पोरांना घरान घे गोऽऽ!"

काचेपलीकडे मॅडमने सीन थांबवला. ही हाक त्यांनी शंभर वेळा ऐकली असेल. त्यांनी फोन उचलला, आणि त्यांचा माइक चालूच होता म्हणून मला ऐकू आलं. "आई, चिनू आली का क्लासवरून? ... काही नाही गं, असंच. तिला आतच ठेव जरा."

येताना मी कळव्याला उतरलो. वहिनीने दार उघडलं. मी बोललो, "वहिनी, केलं. पण मला खूप भीती वाटली. अजून वाटतेय."

"बरं झालं," ती बोलली. "घाबरलेलाच राहा. बस, मांदेली केलीय, जेवून जा."